विश्लेषण : मुतखडा फोडणाऱ्या लहरींनी दाताचे इम्प्लांट लवकर रुजेल?

दाताचे इम्प्लांट बसवल्यावर कायमची कॅप चढेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने थांबावे लागते. हा काळ ‘शॉकवेव्ह थेरपी’ने कमी करता येईल का, यावर संशोधन सुरू आहे.

थांबावे का लागते?

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड या धातूला थेट धरते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना सशांवरील प्रयोगात आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. सुरुवातीला स्क्रू केवळ आट्यांच्या पकडीवर टिकतो. मग भोवतीचे जुने हाड झिजते आणि नवे तयार होते. या अदलाबदलीत, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पकड सर्वात सैल असते. तेव्हा स्क्रू हलला तर हाडाऐवजी मऊ ऊती तयार होऊन इम्प्लांट निकामी होऊ शकते. लहरींचा खरा उपयोग व्हायचा तर याच काळात.

लहरी नेमके काय करतात?

नावात ‘शॉक’ असला तरी विजेचा संबंध नाही. या दाबाच्या ध्वनिलहरी आहेत. १९८० मध्ये म्युनिकमध्ये त्यांनी पहिल्यांदा रुग्णाचा मुतखडा फोडण्यात आला. पुढे टाचदुखी आणि न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठीही त्या वापरात आल्या. तिथे काही फोडायचे नसते. लहरींचा ताण जाणवला की पेशी संकेत सोडतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि हाड बनवणाऱ्या पेशी कामाला लागतात.

जबड्यात अडचण काय?

लहर मऊ ऊतींतून सहज जाते, पण हवेच्या सीमेवर जवळपास पूर्ण परावर्तित होते आणि तिथल्या ऊतींना इजा होऊ शकते. म्हणूनच फुफ्फुसाजवळ ती टाळतात. वरच्या जबड्याच्या मागच्या दातांवर तर हवेने भरलेले सायनस असते, आणि तिथलेच हाड सर्वात ठिसूळ! म्हणजे गरज जिथे जास्त, तिथेच नेम अवघड.

मग ही थेरपी घ्यावी का?

आतापर्यंतचा पुरावा मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे. ऊर्जा किती, झटके किती, कोणत्या आठवड्यात, यावर एकमत नाही. शिवाय दहापैकी नऊहून अधिक इम्प्लांट एरवीही दहा वर्षे टिकतात. धूम्रपान बंद करणे आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे, हे उपाय आजही हाताशी आहेत. त्यामुळे दवाखान्याने ‘शॉकवेव्ह सेशन’चे वेगळे पैसे मागितले, तर ते माणसांच्या जबड्यावर कुठे तपासले गेले आणि इम्प्लांटची पकड कशी मोजणार, हे आधी विचारावे.