भुतांची थकबाकी

मराठी भयकथेचा हंगाम ठरलेला आहे, तो म्हणजे दिवाळी. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि प्रथा पडली. पुढे चकलीचा तुकडा मोडत भुताची गोष्ट वाचण्यात कोणाला काही वावगे वाटेनासे झाले. पाश्चात्त्यांचा भुताखेतांचा सण हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला आणि दिवाळी त्याच्या थोडी अलीकडे किंवा पलीकडे. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली. परदेशातल्या मराठी घराच्या दारात अशा वेळी कोरलेला भोपळा आणि आकाशकंदील शेजारी शेजारी असू शकतात. पुस्तकाचा विषय निघाला की मात्र ड्रॅक्युला, फ्रँकनस्टाइन आणि स्टीफन किंग हीच नावे आधी तोंडी येतात. परदेशातल्या मराठी मंडळांनी ही यादी बदलायला हवी, आणि तेही भाषाभिमानापोटी नाही. मराठी भूत ज्या कारणांसाठी येते ती कारणे ड्रॅक्युलापाशी नाहीत, आणि लिहिणाऱ्याला ती फार उपयोगी पडणारी आहेत.

भयकथेचे मराठी कपाट बरेचसे पुण्यात भरले गेले. अनंत अंतरकर यांची ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही तीन मासिके; त्यांतले ‘नवल’ अद्भुत, गूढ आणि थरारक कथांसाठी ओळखले गेले. मुंबईच्या ‘धनंजय’ने दिवाळी अंकात हाच वाण पुढे चालवला. पण या प्रांतातले सर्वांत मोठे नाव नारायण धारप (१९२५–२००८) यांचे. पुण्याच्या या लेखकाने शंभरावर पुस्तके लिहिली आणि वाचनालयांतून त्यांची पाने अक्षरशः झिजली. समीक्षेने त्यांच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. त्यांच्या ‘लुचाई’ या कादंबरीचा सांगाडा किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा (१९७५), ‘शपथ’चा ‘इट’चा (१९८६). ही उसनवारी लपवण्यात अर्थ नाही आणि तिच्यावरून धारपांना निकालात काढण्यातही नाही. उसने आणलेले भय त्यांनी ज्या घरात ठेवले ते घर त्यांचे स्वतःचे होते. माजघर, बंद खोली, मुलांना न सांगितली जाणारी एखादी नातेवाईक बाई, आणि नोकरीपेशातला, शहाणासुरता, म्हणूनच उशिरा घाबरणारा नायक. त्यांची भाषाही अशीच साधी, जवळजवळ हिशेबनिसाची. भीतीचे विशेषण न वापरता भीती वाढवत नेणारी. नव्या लेखकाने धारपांकडून शिकायचे ते हे. कथानक दुसरीकडे मिळू शकते.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेले आहे. तिथले भूत लोभाच्या पोटी जन्मते. कोकणातला पडका वाडा आणि पिढीजात हाव यांच्याखेरीज त्याला फारसे काही लागत नाही.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) मुंबईचे. त्यांनी आपल्या लेखनाला भयकथेऐवजी गूढकथा म्हटले, आणि ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘कबंध’ हे संग्रह वाचल्यावर तो आग्रह पटतो. धारपांचे संकट बहुधा बाहेरून येते. मतकरींचे माणसाच्या आतून. शहरी फ्लॅट, पती-पत्नीमधला अबोला, मुलाचा विचित्र हट्ट एवढ्या भांडवलावर त्यांची कथा उभी राहते.

या दोघांच्याही मागे लोकसमजुतींचा जो साठा आहे तो पाहिला म्हणजे मराठी भुताचे वेगळेपण उघड होते. त्याची बरीच नोंद एका विलक्षण मार्गाने आपल्यापर्यंत पोहोचली. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार. कोकणातील लोकसमजुतींची माहिती त्यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावली पाठवून मागवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडून जॅक्सन यांची हत्या केली. जमवलेली टिपणे एंथोवेन या अधिकाऱ्याने पुढे संपादित केली. कोकणचा भाग १९१५ मध्ये छापला गेला.

त्या मास्तरांनी कळवलेली भुते वाचताना एखाद्या सावकाराची वही उघडल्यासारखे वाटते, कारण प्रत्येकाच्या नावापुढे काहीतरी येणे बाकी आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तो मुंजा. त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत बाई गेली, ती हडळ. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट. बुडून मेलेला गिऱ्हा पाण्याकाठी वाटसरूला चकवतो. समंध म्हणजे मालमत्तेत जीव अडकलेला, वारस न ठेवता गेलेला माणूस. आपल्या ठेव्याला तो कोणालाही हात लावू देत नाही. यात जातही सुटलेली नाही. ब्राह्मणाचे भूत वेगळे आणि इतरांचे वेगळे, त्यांचे मानपान आणि उपद्रवही वेगळे. समाजाने जिवंतपणी ज्यांना जे नाकारले त्याची इतकी नेमकी यादी सुधारकांच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल. बाईच्या वाट्याला आलेली भुते मोजली तरी गोष्टींचा एक संग्रह होईल: बाळंतीण, विधवा, सवाष्ण, सगळ्यांची ओळख नवऱ्यावरून किंवा मुलावरून, मेल्यानंतरसुद्धा.

वेताळ या यादीत बसत नाही. तो भुतांचा राजा खरा, पण अनेक गावांत राखणदारही. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण रात्री गावाभोवती फिरून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. पुण्यात गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ होते आणि शहरातली सर्वांत उंच टेकडीही वेताळाच्याच नावाची. (त्या टेकडीतून रस्ता आणि बोगदे नेण्याच्या योजनेला विरोध करणारे नागरिक पाहता, राखणीचे काम आता माणसांकडे आले आहे असे म्हणायला हरकत नाही.) ज्याची भीती वाटते तोच रक्षण करतो, ही कल्पना हॅलोवीनच्या सजावटीत सहसा दिसत नाही. लहान मुलांसाठी लिहिणाऱ्याने तिचा फायदा घ्यावा.

पुण्यातले सर्वांत प्रसिद्ध भूत मात्र साहित्याच्या दृष्टीने सर्वांत कच्चे आहे. शनिवारवाड्यात रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही ती दंतकथा. पर्यटकांना ती पुरते. घडलेली हकिगत तिच्याहून भयंकर आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. थकलेल्या पगाराची कुरबूर असलेले गारदी शिपाई भर दिवसा वाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या पेशव्याला, नारायणरावाला, त्यांनी ठार केले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चुलत्याला, रघुनाथरावाला, दोषी ठरवले. रघुनाथरावाची बायको आनंदीबाई हिने हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’, म्हणजे ‘ध’चा ‘मा’, केल्याची गोष्ट लोकांनी उचलून धरली. तिला भक्कम पुरावा नाही, पण दोष बाईवर ढकलण्याची सोय तिच्यात होती. १८२८ च्या आगीत वाडा जळाला आणि उरलेल्या तटाबुरुजांत हाक शिरली. या विषयावर लिहायचेच असेल तर भुताला सुटी द्यावी आणि थकलेल्या पगारापासून सुरुवात करावी.

अशा वाचनाने अंधश्रद्धा वाढते हा आक्षेप पुण्याच्या संदर्भात हलका घेता येत नाही. शनिवारवाड्यापासून जवळच, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण तो कायदा कथेविरुद्ध नाही, भुताच्या नावाने माणसाला लुबाडण्याविरुद्ध आणि छळण्याविरुद्ध आहे. भोंदूला गिऱ्हाईक लागते, लेखकाला वाचक. आणि पुस्तक मिटल्यावर वाचकाला कोणाला दक्षिणा द्यावी लागत नाही. भयकथा रंगते ती मुळात न मानणाऱ्याच्या मनातच, कारण मानणाऱ्याला ती बातमी वाटते. तरीही आक्षेपाचा एक भाग खरा आहे. धारपांच्या काही पुस्तकांत मंत्र-तंत्राची ताकद इतकी गृहीत धरलेली असते की मुलांना ती मोठ्या माणसाने सोबत बसून वाचून दाखवणे बरे.

परदेशात राहणाऱ्या मराठी लेखकापाशी तर समंधाची गोष्ट तयारच आहे. सदाशिव किंवा नारायण पेठेतला वाडा पुनर्विकासाला निघालेला, वारस तीन देशांत विखुरलेले, प्रत्येकाच्या सहीची वाट पाहणारे कुलमुखत्यारपत्र आणि कुलूपबंद खोलीत आजोबांचे सामान. जुन्या समजुतीप्रमाणे समंध ठेवा राखत बसतो. या गोष्टीत राखण कोणाविरुद्ध चालली आहे, बिल्डरविरुद्ध की नातवंडांविरुद्ध, एवढे ठरवले की कथा लिहायला घेता येईल. गिऱ्हा आणि मुंजा यांना तळे आणि पिंपळ लागतो. समंधाला नुसता सात-बारा किंवा मिळकतपत्रिका पुरते, म्हणून समुद्र ओलांडणे त्यालाच सर्वांत सोपे.

मंडळाच्या वाचनाच्या संध्याकाळी मोठ्यांसाठी मतकरींची एक कथा घ्यावी, ती एका बैठकीत संपते. धारपांची कादंबरी आणायची तर सुरुवातीची प्रकरणे वाचून थांबावे. त्यांची पुस्तके साकेत प्रकाशनाने नव्याने छापली असल्याने उरलेला भाग ज्याचा त्याला मिळवता येतो. मुले असतील तर आरंभ द. मा. मिरासदारांच्या ‘भुताचा जन्म’ने करावा. ती विनोदी गोष्ट आहे, आणि हसून झालेली मुले पुढच्या गोष्टीला जास्त घाबरतात.