शस्त्रांना ऊन दाखवा!

विजयादशमीला आपण शस्त्रपूजन करतो. शस्त्रांना हळद-कुंकू वाहतो, फुले अर्पण करतो, हात जोडतो. परंतु ज्या शस्त्रविद्येचे वारस म्हणून आपण मिरवतो, तिच्याविषयी आपल्याला नेमके काय ठाऊक आहे?

या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. मेकॉलेचे मानसपुत्र म्हणतात, हिंदू हा परलोकाकडे डोळे लावून बसलेला समाज. युद्धतंत्राशी त्याचा संबंध काय? दुसरे उत्तर दुर्दैवाने आपल्याच मांडवातून येते : शतघ्नी म्हणजे तोफ आणि ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबाँब! पहिले उत्तर द्वेषातून आलेले, दुसरे प्रेमातून. पण दोहोंच्या मुळाशी एकच आळस आहे. मूळ ग्रंथ उघडण्याचे कष्ट कोणालाच नकोत.

ते उघडले तर काय दिसते? कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराच्या अध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात सर्वतोभद्र, जामदग्न्य, बहुमुख, पर्जन्यक अशी दहा स्थिर यंत्रे सांगितली आहेत आणि चल यंत्रांची यादी निराळी दिली आहे. टीकाकारांच्या मते सर्वतोभद्र हे फिरते राहून चहूकडे दगड फेकणारे, जामदग्न्य हे बाण सोडणारे, तर पर्जन्यक आग विझवणारे यंत्र. शतघ्नी म्हणजे तटावर ठेवलेला, अणकुचीदार खिळ्यांचा प्रचंड स्तंभ. तोफ नव्हे! जैन आगमांतील भगवतीसूत्रात अजातशत्रूच्या दोन संग्रामांची नावेच ‘महाशिलाकंटक’ आणि ‘रथमुसल’ अशी आहेत. पहिल्यात शिला फेकणारे यंत्र असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या समाजाने युद्धयंत्रांची अशी वर्गवारी केली, त्याला परलोकवादी ठरवणाऱ्यांनी आपले अज्ञान तपासावे. आणि ज्याच्याजवळ एवढे अस्सल धन आहे, त्याने खोटे दागिने का ल्यावेत?

आता अधिक बोचरा प्रश्न. इ. स. 712च्या सुमारास मुहम्मद बिन कासिमने सिंधमधील देवल बंदराला वेढा घातला. नवव्या शतकातील अरब इतिहासकार बलाझुरी सांगतो की, त्याच्याजवळ ‘अरूस’ म्हणजे ‘वधू’ नावाचे शिलाक्षेपक यंत्र होते आणि ते चालवायला 500 माणसे लागत. यंत्र कोठे बसवावे, त्याचा पाया किती आखूड करावा, मंदिराच्या ध्वजस्तंभावर नेम कसा धरावा, याच्या सूचना हज्जाज इराकमधून पत्राने धाडत होता. स्तंभ कोसळला. रक्षक तटाबाहेर येऊन भिडले. शौर्य उणे नव्हते. पण त्या वृत्तांतात तटावरून यंत्राला यंत्राने उत्तर दिल्याचा उल्लेख नाही. कौटिल्याची ती यादी तेव्हा कोठे होती?

उत्तर देता येत होते, हे 1301 साली रणथंभोरने दाखवले. हम्मीरदेवाच्या गडावरील यंत्रातून सुटलेल्या दगडाने अल्लाउद्दीन खिलजीचा सेनापती नुसरतखान घायाळ झाला आणि मेला. सुलतानाला स्वतः वेढ्यावर यावे लागले. गड अखेर पडला, हे खरे. पण सज्ज यंत्र काय करू शकते, हे त्या एका दगडाने सांगितले.

विद्या विसरण्याची आपली खोड मात्र सुटली नाही. प्रत्यक्ष अर्थशास्त्राची संहिता शतकानुशतके दृष्टीआड राहिली. 1905 साली म्हैसूरच्या ग्रंथालयात आलेल्या एका पोथीवरून पंडित शामशास्त्रींनी ती ओळखली आणि 1909मध्ये छापली. आपल्या मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1965 या काळात तीन भागांत प्रसिद्ध केली. तिचे किती भाग आपल्या घरात आहेत? किती बौद्धिकांच्या तयारीसाठी ते उघडले जातात?

कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. संस्कृतचा एक पंडित आणि अभियांत्रिकीचे चार विद्यार्थी एकत्र बसवावेत; सर्वतोभद्राची प्रतिकृती करून पाहावी. दगड किती दूर जातो, ते मोजावे. फसले तर पुन्हा करावे. मोजलेल्या अंतराला सेक्युलर विद्वानांचा उपहास लागू पडत नाही. पोकळ अभिमानाला तो तत्काळ लागू पडतो.

आयुधागारातील शस्त्रांची जागा वारंवार बदलावी, त्यांना ऊन-वारा दाखवावा, असा कौटिल्याचा दंडक आहे. नुसती पुजलेली शस्त्रे गंजतात, पूर्वजांची विद्याही गंजते. येत्या विजयादशमीला शस्त्रांशेजारी अर्थशास्त्राची एक प्रत ठेवू या. आणि दुसऱ्या दिवशी ती उचलून वाचायला घेऊ या!