‘वय झालं’ म्हणून सोडून दिलेला आजार: वृद्धांच्या स्मरणशक्तीवरचं संशोधन आणि आपली घरं

भारतात साठी ओलांडलेल्या दर शंभर माणसांपैकी साधारण सात जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनाचा हा निष्कर्ष. नेमका आकडा 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख वृद्ध. 2010 च्या ‘डिमेन्शिया इंडिया रिपोर्ट’ने हीच संख्या 37 लाख सांगितली होती. म्हणून आजार तेरा वर्षांत दुपटीहून जास्त फोफावला, असा अर्थ काढायची घाई करू नये. देशात वृद्धांची संख्या वाढतेय हे खरं, पण मोजायची पद्धतही बदलली आहे.

या आकड्यांत आपले अम्मी-अब्बा, दादी-नाना आहेतच. प्रश्न असा की, आपल्या घरातला असा माणूस डॉक्टरांसमोर पोहोचतो का? बहुतेक वेळा नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडेही तितक्याच सहजपणे वापरली जाते आणि विषय तिथेच संपतो.

हे संशोधन ज्या पाहणीवर उभं आहे तिचं नाव ‘लासी’. 2017-18 मध्ये देशभरातल्या 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून जास्त लोकांना घरी जाऊन प्रश्न विचारले गेले. त्यात साठीपुढचे 31 हजारांवर होते. पाहणीचं मुख्य केंद्र होतं मुंबईतल्या देवनारची ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस’. गोवंडी स्टेशनजवळच आहे ही संस्था. शिवाजीनगर-बैंगनवाडीतल्या कितीतरी लोकांनी तिचं फाटक पाहिलेलं असेल, आत काय चालतं ते मात्र माहीत नसेल. पुढे याच लोकांमधून चार हजारांवर वृद्ध निवडून त्यांच्या स्मरणशक्तीची सविस्तर तपासणी झाली. घरच्या माणसाची वेगळी मुलाखत घेतली गेली आणि डॉक्टरांनी सगळी माहिती बघून निदान ठरवलं.

निष्कर्षांत सगळ्यात ठळक काय दिसलं? वय वाढतं तसा आजार वाढतो, हे अपेक्षितच होतं. पण शिक्षणाचाही मोठा फरक पडतो. शाळेत न गेलेल्यांमध्ये प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. राज्यांत जम्मू-काश्मीर सर्वांत वर, 11 टक्के, आणि दिल्ली सर्वांत खाली, 4.5 टक्के. काश्मीरचं नाव आलं की काही जण लगेच धर्माचा हिशोब मांडायला बसतात. तो इथे लागू नाही. संशोधन बोलतंय ते वय, शाळा आणि गाव-शहर यांबद्दल. आता आपल्या घरातल्या सत्तरीच्या बायका आठवून बघा. त्यांतल्या किती जणी चौथीच्या पुढे शिकल्या? शाळा लवकर सुटली, लग्न लवकर झालं, घराबाहेरचं जग कमी पाहिलं. धोका वाढवणाऱ्या या गोष्टी आहेत आणि त्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच घडून गेल्या.

तपासणी कशी होते तेही समजून घेतलं पाहिजे. दहा शब्द वाचून दाखवतात, ते लगेच परत सांगायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा आठवायचे. वीसपासून उलटे आकडे म्हणायचे. वार, महिना, जागा सांगायची. चित्र बघून तसंच काढायचं. परदेशात बनलेल्या चाचण्यांमध्ये ‘हे वाक्य वाचा आणि तसं करा’, ‘एक वाक्य लिहा’ असंही असायचं. जिने कधी पाटी धरली नाही ती यात नापास होणारच, स्मरणशक्ती ठणठणीत असली तरी. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये 1990 च्या दशकात हिंदीत वेगळी चाचणी तयार झाली. तिच्यात वाक्य वाचायला देण्याऐवजी तपासणारा स्वतःचे डोळे मिटतो आणि ‘मी करतो तसं करा’ म्हणतो. बदल छोटा वाटतो, पण निरक्षर माणसाची बुद्धी मोजायची दारं यानेच उघडली.

आपल्याकडे यापुढची एक अडचण आहे, भाषेची आणि सवयीची. रत्नागिरीची दादी घरात कोकणी बोलते, सोलापूरची दखनी, मालेगावची उर्दू. ‘आज कोणता वार?’ विचारलं तर ती ‘जुमेरात’ म्हणेल. ‘महिना कोणता?’ तर ‘शाबान’. समोरच्या डॉक्टरला ‘गुरुवार’ आणि ‘फेब्रुवारी’ अपेक्षित असेल, तर बरोबर उत्तरही चुकीचं धरलं जाण्याची भीती. सोबत जाणाऱ्या मुलाने किंवा सुनेने अशा वेळी गप्प बसू नये. उत्तर सांगून टाकायचं नाही, पण ती काय म्हणतेय ते समजावून सांगायला हरकत नाही.

लासीचा दुसरा एक आकडा मला डिमेन्शियाइतकाच गंभीर वाटतो. प्रश्नावलीच्या आधारे तपासलं तेव्हा साठीपुढच्या 8.3 टक्के लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. ‘डॉक्टरांनी तुम्हाला नैराश्य असल्याचं सांगितलंय का?’ या प्रश्नाला हो म्हणणारे होते फक्त 0.8 टक्के. दहापैकी जवळपास नऊ जणांचं दुखणं कुणी नोंदवलंच नाही, असं हे गणित आहे. आपल्याकडे नैराश्य शब्दच वापरत नाहीत. ‘दिल घाबरतं’, ‘झोप लागत नाही’, ‘आता अल्लाहने उचलावं’ असं म्हणतात. यातल्या शेवटच्या वाक्याला आपण ईमानदार माणसाची तयारी समजतो. कधी ती असेलही. पण जेवण तुटलंय, माणसांत बसणं बंद झालंय, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर इलाज आहे.

नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांची गुंतागुंत डॉक्टरांनाही चकवते. नैराश्यामुळे माणूस विसराळू होतो, लक्ष लागत नाही, आणि घरच्यांना वाटतं डोकं गेलं. उलटही होतं, स्मृतिभ्रंशाची सुरुवात उदासीपासून होते. शिवाय बी-12 ची कमतरता, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, डोक्याला लागलेला मार, ऐकू न येणं, या सगळ्यांनी विसरभोळेपणा येतो आणि यातलं बरंच काही सुधारता येतं. अब्बांना रात्री खोलीत माणसं दिसतात म्हणून आधी आमिलकडे नेलं, ताबीज बांधलं, चार महिने गेले, अशा गोष्टी प्रत्येक मोहल्ल्यात ऐकायला मिळतात. दुआ जरूर करा. पण अचानक एक-दोन दिवसांत माणूस बरळायला लागला तर तो लघवीचा संसर्ग किंवा औषधाचा परिणामही असू शकतो. तिथे चार महिने तर सोडाच, चार दिवसही थांबू नये.

2024 मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने धोका वाढवणारे 14 घटक मांडले. जगातले जवळपास 45 टक्के डिमेन्शिया त्यांच्याशी जोडलेले आहेत. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, नैराश्य, एकटेपणा, कमी शिक्षण, श्रवणदोष. नव्याने आलेले दोन म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आणि इलाज न केलेली अंधुक नजर. मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. कानाच्या मशीनबद्दल मात्र जपून बोलायला हवं. अमेरिकेत 977 वृद्धांवर तीन वर्षं प्रयोग झाला. सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना आधीच जास्त धोका होता त्यांच्यात मात्र स्मरणशक्तीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली.

आता घरच्या माणसाच्या साक्षीकडे येऊ. संशोधनात ती लागते तशी दवाखान्यातही लागते. पण आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत मुलगा कुवेत किंवा दुबईत, आणि गावात दोघं म्हातारे. फोनवर अम्मी छान बोलते. ‘खाना खाया? बच्चे कैसे हैं?’ वर्षानुवर्षं घोकलेली वाक्यं शेवटपर्यंत टिकतात, मुलाला वाटतं सगळं ठीक आहे. गॅस चालू राहिलेला, गोळ्या दोनदा घेतलेल्या, रोजचं दुकान न सापडलेलं, हे शेजारीण बघते. डॉक्टरला तिची साक्ष जास्त उपयोगी. मुलाने ईदला घरी आल्यावर अम्मीला विचारण्याआधी तिला विचारावं.

इबादतीवरून घरात भांडणं होतात, तोही भाग बोलायला हवा. अब्बा चार रकातींच्या सहा पढतात, वुजू विसरतात, जोहर झाल्यावर पुन्हा जोहरला उभे राहतात. मुलं सगळ्यांसमोर टोकतात. कुरआनात अशा वयाचा उल्लेख आहे ज्यात माहीत असलेलं सगळं निघून जातं, उलेमा त्याला ‘अर्जलुल उम्र’ म्हणतात. आणि अक्ल शाबूत असणं ही फर्ज लागू होण्याची अट आहे, हे मदरशातलं लहान मूलही सांगेल. मग टोकायचं कशासाठी? शेजारी उभं राहून सोबत पढलं तर त्यांची नमाजही होते आणि इज्जतही राहते. हीच अक्लची अट हिबा आणि वसीयतीलाही आहे. निदान झाल्यावर घाईघाईने अंगठा घेणाऱ्या भावंडांनी ते लक्षात ठेवावं.

सरकारी मदतीचं काय? ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण मिळालं, उत्पन्न कितीही असो. कार्ड काढून ठेवाच. पण ही योजना दाखल होण्याच्या खर्चाची आहे. स्मृतिभ्रंशाचा खर्च असतो ओपीडीचा, रोजच्या औषधांचा आणि दिवसभर जवळ बसणाऱ्या माणसाचा. तो माणूस आपल्याकडे बहुतेक सून किंवा न लग्न झालेली मुलगी असते, आणि तिच्या श्रमाचा कुठल्याच योजनेत रकाना नाही. ‘टेली मानस’चा 14416 हा मोफत नंबर मराठीतही बोलतो. तो वृद्धांइतकाच या बाईसाठीही आहे, थकवा आणि चिडचिड सांगायला.

जिल्हा रुग्णालयात वृद्धांची ओपीडी असते, तिथून सुरुवात करता येते. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या, आयुर्वेदिक आणि युनानीसुद्धा. गेल्या सहा महिन्यांत काय बदललं ते एका कागदावर लिहा, तारखा आठवत नसतील तर ‘रमजानच्या आधी’, ‘बकरी ईदनंतर’ असं लिहिलं तरी चालतं. आणि रक्ताच्या तपासणीत बी-12 आणि थायरॉइड आहे का, ते विचारा.