आष्टीतून साष्टीत

आमच्या आष्टीच्या आठवडी बाजारात आजी सुक्या मासळीच्या पालाकडं सगळ्यात शेवटी वळायची. आधी घेतली तर पिशवीतल्या गुळाला वास लागतो, म्हणून. बोंबील हातात धरून ती मोडून बघायची. नुसता वाकला तर परत ठेवायची. रात्री तो चुलीच्या आरावर पडला की गल्लीभर कळायचं. समुद्र आम्ही पाहिला नव्हता, त्याचा वास मात्र बाजाराच्या पिशवीतून घरी यायचा.

बोंबील वाळतात ते एक गाव गेल्या हिवाळ्यात पाहून आलो. परतूरहून रात्रीची देवगिरी, सकाळी दादर, मग अंधेरीहून मेट्रो. २०१४ साली सुरू झालेल्या या मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनवर पाटी आहे वर्सोव्याची, पण मूळ गाव तिथं नाही. सात बंगल्याच्या उंच इमारती मागं टाकून रिक्षानं पुढं जायचं. तिथले कोळी त्याला वेसावे म्हणतात. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला मालाडची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या जमिनीवर दाटीवाटीनं कोळीवाडा. पलीकडचं मढ होडीनं अगदी जवळ. रस्त्यानं गेलं तर मालाडवरून भला मोठा वळसा.

मढच्या टोकाला पोर्तुगिजांचा किल्ला आहे. तोही वेसाव्याच्याच नावानं ओळखला जातो. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ साली तो मराठ्यांकडं आला. पुढं १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेतली. साष्टी हे या साऱ्या बेटाचं जुनं नाव; सहासष्ट गावांची म्हणून साष्टी, असं सांगतात. आष्टीच्या माणसाला ते ऐकून सोयरीक निघाल्यासारखं वाटलं.

मी रेंगाळलो तो वलांडीपाशी. बांबूंच्या आडव्या ओळींवर बोंबील वाळत होते. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. दोरी नाही, गाठ नाही. ओला बोंबील हातातून निसटतो, पण तिथल्या मावशी माझ्याशी बोलता बोलता न बघता जोड्या लावत होत्या. बोंबील धरायच्या डोल जाळ्याचं तोंड प्रवाहाकडं करून ते समुद्रात रोवतात आणि भरती-ओहोटीची ओढ मासळी आत आणते. त्यामुळं उधाण कधी, भांग म्हणजे कमी ओढीचे दिवस कधी, हे इथं तिथीवरून ठरतं. आमची पेरणी नक्षत्रावर ठरते तसंच.

"मावशी, हे तर आमचं खळंच की," मी म्हणालो.

"खळंच. पण अवकाळी आला की तुमच्याकडं पंचनामा होतो. ही मासळी भिजली तर कोण येणार?"

सोयाबीन भिजल्यावर तलाठ्याची वाट बघणारे आम्ही. मला उत्तर सुचलं नाही.

मुंबईत मोकळी जागा दिसली की ती रिकामी धरतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वलांडी ओस दिसणारच. आमचं खळंही सुगी सरली की ओसच असतं. म्हणून त्यावर कुणी माडी चढवू देतं का? कोळीवाड्यांच्या हद्दी आखायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलंय. त्या आखताना नुसते घरांचे उंबरे मोजून चालणार नाही. वाळवणाची जागा, होड्या ओढायची जागा, जाळी विणायचा अंगणाएवढा तुकडा, हे सगळं गावातच धरलं पाहिजे. ते गेलं तर वेसावे फक्त स्टेशनच्या पाटीवर उरेल.

निघताना मावशींनी बोंबलाची जुडी कागदात गुंडाळून दिली. "भाव नको विचारू, आजीला दे," म्हणाल्या. आजी जाऊन बारा वर्षं झाली, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. होडीच्या धक्क्यावर उभं राहून एक बोंबील मोडून पाहिला. कडकन तुटला.