चोच कापू नका, तीच कोंबडीची फणी आहे

आज जरा कोंबड्यांच्या उवांबद्दल.

मागच्या पावसाळ्यात गाडीवर विकणाऱ्या एकाकडून दहा तलंगा घेतल्या. सगळ्यांच्या चोची कापलेल्या. महिन्याभराने बुडाजवळची पिसं बाजूला करून बघितलं तर कातडीवर पिवळसर उवा पळतायत, पिसांच्या मुळाशी लिखांचे गठ्ठे. त्याच खुराड्यातल्या गावठी कोंबड्यांवर मात्र शोधून पाच-सहा सापडल्या.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पक्षी आणि उवा यांची शर्यत लाखो वर्षांची. पक्षी चोचीने उवा टिपतो. जी सापडते ती मरते, जी लपते तिचीच पिल्लावळ वाढते. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेल क्लेटन आणि सारा बुश यांनी कबुतरांवर हे तपासलं. वरच्या चोचीचं पुढे आलेलं टोक फक्त एक-दोन मिलिमीटर काढलं. खाण्यात फरक पडला नाही, पण उवा भरमसाट वाढल्या. दुसऱ्या प्रयोगात एकाच जातीच्या उवा काळ्या आणि पांढऱ्या कबुतरांवर सोडल्या. चार वर्षांत, म्हणजे उवांच्या साधारण 60 पिढ्यांत, पांढऱ्यावरच्या उवा फिकट झाल्या, काळ्यावरच्या गडद. ज्या कबुतरांना चोचीने पिसं साफ करता येत नव्हती, त्यांच्यावर असा बदल झाला नाही. तिथं लपायची गरजच नव्हती ना!

कॅलिफोर्नियातही चोच कापलेल्या अंड्यावरच्या कोंबड्यांवर उवा जास्त आढळल्या आहेत.

मोठ्या शेडमध्ये कोंबड्या एकमेकींना टोचून मारतात म्हणून चोच कापतात, ते समजतं. पण परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीची चोच कशाला कापायची? आपण तिचं हत्यार काढून घेतो आणि मग औषध शोधत फिरतो.

त्यात काही जण पिकावरचं कीटकनाशकच कोंबडीवर मारतात. हे अजिबात करू नका. ते अंड्यातून आपल्या पोरांच्या ताटात येऊ शकतं. शिवाय एकच औषध सारखं वापरलं की काय होतं, ते बीटी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीने दाखवलंच आहे. उवांची पिढी तर तीन-चार आठवड्यांची.

माझं मत असं:
- परसासाठी चोच न कापलेली पिल्लंच घ्या.
- खुराड्याजवळ सावलीत, पाऊस लागणार नाही अशा जागी कोरड्या बारीक मातीचा खड्डा ठेवा. पावसाळ्यात घमेल्यात माती भरून आत ठेवा. लोळणं ही कोंबडीची अंघोळच आहे.
- खुडूक कोंबडी उठत नाही, म्हणून तिला आठवड्याला उचलून पिसं तपासा.
- औषध लागलंच तर पशुवैद्यकाला विचारून, आणि त्यांनी सांगितलेल्या दिवशी पुन्हा. लिखा पहिल्या फेरीत मरत नाहीत.

तुमच्याकडे चोच कापलेल्या आणि न कापलेल्या कोंबड्या एकत्र असतील तर आज संध्याकाळी दोन्ही उचलून बघा. काय दिसलं ते सांगा.