सुका जवळा अंगणवाडीत का नको?

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. पुढाऱ्यांचे दौरे झाले. पण त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपाटी, डहाणू, वसईच्या किनाऱ्यावर बोंबील आणि जवळा ढिगांनी सुकवला जातो, ही विसंगती फारशी कुणाला टोचली नाही. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. समुद्र आणि उपाशी डोंगर तेव्हाही एकाच जिल्ह्यात राहिले.

सुकट आदिवासींना नवी नाही. आठवडी बाजारात मिरच्या-कांद्याशेजारी तिचे ढीग असतात. पावसाळ्यात घरातले धान्य संपत आले की मूठभर सुकटीवर कालवण होते. मात्र ते बहुधा मोठ्यांच्या पानात पडते. बाळाच्या वाटीत पेजेचे पाणी, आणि बाळंतिणीला तर मासळीच वर्ज्य! दुधाला वास येतो, बाळाचे पोट बिघडते, अशा समजुती तिच्या तोंडचा घास काढून घेतात. देशात १०० गरोदर स्त्रियांपैकी ५२ जणींना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. त्यांना पथ्य सांगणाऱ्यांनी हा आकडा जरूर वाचावा.

मासळीतले पाणी उडाले की उरते ते जवळजवळ निव्वळ पोषण. १०० ग्रॅम सुक्या बोंबलात सुमारे ६० ग्रॅम प्रथिने असतात. बारीक मासळी काट्यासकट खाल्ली जाते, म्हणून कॅल्शियमही मिळते. शिवाय मासळीबरोबर खाल्लेल्या डाळ-भाकरीतले लोह अंगी अधिक लागते.

या छोट्या माशांचे महत्त्व बांगलादेशात अभ्यासणाऱ्या डॉ. शकुंतला थिलस्टेड यांना २०२१ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिथे गरोदर आणि स्तनदा मातांसाठी सुक्या मासळीची चटणी तयार केली गेली. ओडिशात मयूरभंजच्या अंगणवाड्यांतही सुकी मासळी आणि तिची पूड देऊन पाहिली गेली. महाराष्ट्राने २०१५ साली आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू केली. मातांना एक वेळचे जेवण आणि पुढे मुलांना अंडी किंवा केळी असा तिचा बेत ठरला. त्यात चमचाभर जवळ्याची पूड घालायला हरकत कसली? समुद्र नसला तरी अडत नाही. बेतवेच्या झाशी जिल्ह्यात, मोठसारख्या गावीही नदी-तलावातली चिंगळी मासळी सुकवता येईल.

खरी अडचण स्वच्छतेची आहे. वाळूवर पसरलेल्या जवळ्यात रेती, धूळ, माश्या सारेच येते. उंच मांडवावर, जाळीखाली किंवा सौर शुष्कयंत्रात सुकवलेला मालच मुलांना द्यावा. कोळी महिलांच्या गटांना असे मांडव आणि दळणयंत्रे मिळाली, तर त्यांनाही बारमाही गिऱ्हाईक लाभेल.

घरी करायचे तर जवळा निवडून, धुऊन, कडक वाळवून मंद आचेवर भाजावा, बारीक दळून चाळावा आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न सुरू झाले की नाचणीच्या पेजेत किंवा खिचडीत आधी चिमूटभर शिजवून द्यावा. पुरळ, उलटी असे काही झाल्यास लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. जवळा, बोंबील बहुधा मीठ न लावता सुकवतात, म्हणून ते बाळाला चालतात. खारवलेला बांगडा मात्र बाळाला देऊ नये, आणि रक्तदाब वाढलेल्या गर्भवतीनेही तो टाळावा.