शेगडी गेली नाही, बर्नर तुंबलाय!

आमच्या यवतमाळात ज्योत पिवळी झाली, पातेल्याला काजळी धरली की घरोघरी एकच घोषणा होते: "शेगडी गेली!" मग रविवारी काचेची चकचकीत शेगडी घरी येते आणि जुनी जाते भंगारात. मला हे अजिबात पटत नाही.

अहो, गेली कुठे? ज्योत पिवळी म्हणजे गॅसला हवा कमी पडतेय. दूध उतू गेलं, वरण सांडलं, भोकं बुजली. कधी बर्नरखालच्या नळीत झुरळाने मुक्काम ठोकलेला असतो. रेग्युलेटर बंद करा, बर्नर गार झाला की काढा, गरम साबणपाण्यात भिजवा, टाचणीने भोकं मोकळी करा. पूर्ण वाळल्यावरच बसवा, नाहीतर फडफडतो आणि दोष पुन्हा शेगडीला! जेटमध्ये मात्र टाचणी खुपसू नका. त्याचं भोक मोठं झालं की ज्योत आणखी पिवळी. ते काम मेकॅनिकचं.

गंमत (कसली गंमत, संतापच) पुढे आहे. आमच्या एका काकूंनी नवी शेगडी घेतली आणि तिला जुनीच नळी जोडली. केशरी सुरक्षा नळी ५ वर्षांत बदलायची असते, साल तिच्यावरच छापलेलं असतं. काकूंच्या नळीवर होतं २०१४! "चांगली तर आहे अजून," म्हणे. काकू, रागावू नका, पण शेगडी आणखी दहा वर्षं चालली असती. बदलायची होती ती नळी.

आणि गळती शोधायला काडी ओढणारे आमचे मामेभाऊ... दादा, साबणाचा फेस लावत जा. बुडबुडे दिसले की रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन.